स्थिरचित्रातलं फळ खाल्लं कोणी?

३ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाला, आजी, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवायचं. मी म्हटलं, बाबा रे, मला अक्षर ओळखता येत नाही, लिहू कुठून? तर म्हणाला, कोणाकडून तरी लिहून घ्या, पण एक घाससुद्धा सुटता कामा नये. ही वही त्याची. लिहिणारे आमचे हे. छत्तीस वर्षं कोर्टात लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या, आता घरातली घेताहेत.

आजचं खाणं: सकाळी अर्धा कप दूध, दुपारी भाताचे तीन घास, रात्री भूक नव्हती. संपलं.

वजन एकोणचाळीस किलो. मागच्या आजारपणात तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. ताट समोर आलं की मला कोणीतरी नोटीस बजावल्यासारखं वाटतं. घास उचलला की सूनबाई बघते, गिळला की हे बघतात, आणि उरला की दोघं एकमेकांकडे बघतात. अशाने माणूस जेवेल का?

यांना म्हटलं, तीन घासांनी वही कधी भरायची? बाकीचंही लिहा. मी बोलेन, तुम्ही लिहा, आणि मध्ये बोलू नका. बावन्न वर्षांत अशी संधी पहिल्यांदा आली आहे.

(सदर मजकूर तोंडी सांगितल्याप्रमाणे जसाच्या तसा लिहिला आहे. — लेखनिक)

मी बोलायची थांबले तरी यांचं पेन चालूच. विचारलं, आता काय लिहिताय? म्हणाले, विरामचिन्हं.

४ तारीख, मंगळवार

खाणं: कालच्यासारखंच. एक घास कमी.

आमच्या घरात मोठा खटला चालू आहे. सूनबाईने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली आणि आता स्वतःची चित्रं काढते. अठ्ठावीस तारखेला चित्रांची प्रदर्शनं भरतात त्या मोठ्या हॉलमध्ये तिची चित्रं लागायची आहेत. दहा हवीत. तयार आहेत तीन. हॉलवाली बाई आज बघायला आली होती. चष्मा एवढा मोठा की आत दोन माणसं बसतील. तिन्ही चित्रांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा. पण या चित्रांत कोणी राहत नाही हो."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. वर बाई म्हणाली, प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी लागते, त्यात प्रेरणा लिहायची, चित्र कशावरून सुचलं ते. पंचवीस तारखेपर्यंत सगळं आलं नाही तर भिंत दुसऱ्या कोणाला देणार.

बाई गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, नाही जमलं तर मी शाळेत परत जाते. पोरांना पुन्हा आंबा आणि सूर्य शिकवते."

मी म्हटलं, "अगं, तू त्या बाईचा चष्मा काढ. मस्त येईल."

हसली नाही.

६ तारीख, गुरुवार

समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं आहे. त्यावर पांढरं कापड, एक पोचे आलेली किटली, एक निळी बाटली आणि एक सफरचंद. याला म्हणे स्थिरचित्र म्हणतात. स्थिर म्हणजे हलायचं नाही. सकाळपासून सूनबाई त्या सफरचंदाकडे बघते आहे आणि सफरचंद तिच्याकडे. दोघांपैकी कोणीच काही बोलत नाही.

रंग मात्र वेगळे आहेत. पूर्वीसारखे तेलाचे नाहीत. अ‍ॅक्रिलिक. डोळा मिटून उघडला की वाळले. म्हणून ती हातात फवारा घेऊन बसते, मधूनमधून रंगांवर पाणी मारते. एकदा वाळला की तो रंग सात जन्मात निघत नाही. हे मला माझ्या शालीवरून कळलं.

दुपारी ती अंघोळीला गेली. आता जे सांगते ते पान डॉक्टरला दाखवायचं नाही. मी सफरचंद उचललं आणि चावलं.

का चावलं? ते कोणी मला वाढलं नव्हतं म्हणून. लहानपणी शेजारच्या झाडाचे पेरू मी कधी मागून खाल्ले नाहीत. मागितलेल्या पेरूला चव नसते.

पण दात कुठले! कवळी तर बोचते म्हणून वाटीत पडलेली. हिरड्यांचे दोन खड्डे उमटले, एवढंच. खड्डे मागच्या बाजूला करून फळ जसंच्या तसं ठेवलं, खुर्चीत येऊन बसले आणि घोरायला लागले.

सूनबाई आली. जरा वेळ उभी राहिली. मग चित्राचा स्टँड उचलला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला. म्हणाली, इकडून उजेड बरा येतो.

नशीब माझं. दुसरं काय.

७ तारीख, शुक्रवार

खाणं, डॉक्टरसाठी: दूध, पाव अर्धा. खाणं, खरं: एक नासपती. पिकलेली. बोटानेच दबत होती.

सफरचंदाचं चित्र झालं. त्यात खड्डे आहेत. मी छातीवर हात ठेवला. पण सूनबाई काही बोलली नाही, म्हणजे तिला वाटलं असणार फळच तसं होतं. चित्रकार माणसं दिसेल ते काढतात, विचार करत नाहीत.

आज टेबलावर नासपती होत्या, दोन. फळं हे आणतात. सध्या यांना बाजाराचा फार उत्साह आला आहे. फळवाल्याला विचारत होते म्हणे, मऊ कोणती, अगदी मऊ? मी म्हटलं, तुमचेही दात चालले वाटतं. यांनी मान खाली घालून पेनात शाई भरली.

१० तारीख, सोमवार

केळी. तीन होती, दोन राहिली.

सूनबाई म्हणाली, "आई, इथे तीन होती ना?"

"उंदीर असेल."

"साल सोलून खातो?"

"शिकलेला असेल."

"हो," ती म्हणाली, "आणि चांगल्या घरातला दिसतो. साल बशीत ठेवून गेला."

आणि वळून रंग कालवायला बसली. एवढी शिकलेली पोर, पण उंदराच्या बाबतीत अगदीच भाबडी. पिवळा रंग घेतला आणि दोन केळी काढली, आणि तिसऱ्याच्या जागी, काय सांगू, तिसऱ्याची नुसती सावली काढली. मी म्हटलं, अगं, केळं नाही तर सावली कुठून आली? म्हणाली, "गेलेल्याची पण राहते थोडा वेळ."

तिचं स्वतःचं जेवण मात्र टेबलाखालच्या स्टुलावर गार पडलं होतं. चहात ब्रश बुडवते आणि रंगाच्या पाण्याचा घोट घेते. मला तीन घासांचा जाब विचारणारी ही!

१२ तारीख, बुधवार

आज टेबलावर पपई. कापलेली, बिया काढलेल्या. आणि शेजारी चमचा.

पपईशेजारी चमचा कोण ठेवतं? यांना विचारलं. म्हणाले, रचना आहे ती, धातूची चमक लागते चित्रात. असेल बाई. पण त्या चमक लागणाऱ्या चमच्याने मी अर्धी पपई साफ केली. माझ्या खुर्चीची उशीपण आज टेबलाजवळच्या खुर्चीवर होती. सूनबाई कामात असली की वस्तू कुठेही टाकते. माझ्या पथ्यावर पडलं, म्हणून मी बोलले नाही.

१३ तारीख, गुरुवार

आज घात झाला. हळू बोलते, हळू लिहा.

अंजिरं होती. बशीत पाच. सूनबाई दारात कोणाशी तरी बोलत होती, वेळ थोडा. मी घाईत वाकले, तोल गेला आणि हात टेकला तो थेट तिच्या ताज्या चित्रावर. नुकतंच पाणी मारलेलं, रंग ओला. डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा अख्खा उमटला. पुसायला गेले शालीने, तर अंगठा राहिला बाजूला आणि अर्धं चित्र शालीबरोबर सरकलं. किटली होती तिथे राखाडी लोट झाला, अंजिरं होती तिथे जांभळा धूर.

माझा अंगठा! बँकेत तो, पेन्शनच्या कागदावर तो. ओळखू येणार नाही असं कसं होईल? मी अंजीर तोंडात कोंबलं आणि डोळे मिटून खुर्चीत पडले. तोंड भरलेलं असताना घोरणं फार कठीण असतं.

सूनबाई आली. मला ऐकू येत होतं, ती चित्रासमोर थांबली. पार थांबली. मग फवाऱ्याचा आवाज आला. फुस्स, फुस्स. मग ब्रशचा. मी एक डोळा उघडला. ती तो लोट आणखी ओढत होती, मोठा करत होती, हात खांद्यापासून फिरवत होती. तिला असं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. जीभ दातांत धरली होती, लहान पोरासारखी.

संध्याकाळी चित्र वाळलं. त्यात ना किटली, ना फळ. मोठं राखाडी काहीतरी वाकलेलं, आणि त्याच्या पोटाशी एक जांभळा ठिपका. विचारलं, हे काय? म्हणाली, अमूर्त. अमूर्त म्हणजे ज्यात काय आहे ते विचारायचं नाही. माझ्यासारखीला सोयीचं.

अंगठा तसाच आहे. सगळीकडे ब्रश फिरवला आणि नेमका तो कोपरा राहिला. नजर कमी झाली असणार तिची. चष्मा करायला हवा.

१५ तारीख, शनिवार

डॉक्टरकडे. चाळीस किलो. तो वहीतली, यांनी दाखवली तेवढीच पानं उलटतो आणि म्हणतो, "आजी, एवढ्याशा खाण्यावर वजन वाढलं कसं?"

मी म्हटलं, "हवा चांगली आहे."

हे खोकत बाहेर गेले.

१७ तारीख, सोमवार

मन ठीक नाही. काल सूनबाई फोनवर माझ्या मुलाशी बोलत होती. तो बाहेरगावी कामाला असतो, महिन्यातून एकदा येतो. म्हणत होती, जुनी तीन बाद केली, नवी पाचच झालीत, आठ दिवस राहिलेत, आणि प्रेरणेच्या चिठ्ठीत काय लिहू ते कळत नाही, खरं लिहायची सोय नाही.

मी रात्रभर विचार केला. खरं काय असणार? की घरात फळं टिकत नाहीत, मांडलेलं रोज मोडतं, आणि सासू चोर आहे की उंदीर, ते ठरत नाही. पोरीने नोकरी सोडली, आणि मी तिचं टेबल खाते आहे. वय झालं तरी अक्कल येत नाही.

तर आजपासून बंद. यांना साक्षीला ठेवून सांगते. टेबलाला हात लावणार नाही.

आज टेबलावर पुन्हा पपई होती. चमचा होता. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

खाणं: दोन घास. खरे दोनच.

१९ तारीख, बुधवार

तीन दिवस झाले. मी शब्दाची पक्की निघाले, पण घरात स्मशानशांतता. सूनबाई अख्ख्या फळांसमोर बसते आणि ब्रश नुसता पाण्यात फिरवते. काल पपई बदलून अंजिरं आली, आज अंजिरांशेजारी दह्याची वाटी आली. दही कोण रंगवतं? पांढऱ्या कापडावर पांढरं दही! आणि कपात दूध. हात लावून पाहिला, नुसता हात, तर कोमट. चित्रातलं दूध कोमट कशाला लागतं? वाफ काढायची असेल.

दुपारी बघते तर ती भरल्या टेबलासमोर डोळे पुसत होती. अंजिरं पाचची पाच.

मी यांना म्हटलं, अहो, मी एवढी सरळ वागले तरी पोर रडते का?

हे म्हणाले, "तिचं चित्र अडलंय. अख्ख्या फळांनी तिला काही सुचत नाही, असं म्हणत होती."

"मग?"

"मग काय. मी लेखनिक. मला मध्ये बोलायची परवानगी नाही."

बावन्न वर्षांत हा माणूस नेमका आज आज्ञाधारक झाला. पण मला मुद्दा कळला. अख्खी फळं तर त्या पहिल्या तिन्ही चित्रांत होती, ज्यांत कोणी राहत नव्हतं. म्हणजे चोरीने चित्र बिघडत नाही, चोरीने चित्र होतं! मग कलेसाठी माणसाने थोडं वाईट व्हायला हवं.

ती तोंड धुवायला गेली तेवढ्यात दोन अंजिरं, सगळं दही, आणि दूध घोटभर सोडून सगळं. घाईत ओठांवर दुधाची मिशी राहिली. ती परत आली, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. पुन्हा रडते की काय म्हणून मी घाबरले. पण नाही. जी कामाला बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

२४ तारीख, सोमवार

दहा झाली! पाच दिवसांत चार. मी माझ्या बाजूने काही कमी केलं नाही. उकडलेलं अंडं (सोललेलं, मीठ लावलेलं, अंड्याचं चित्र काढायला मीठ लागतं, हे मला नवीन होतं), मऊ पीच, पुन्हा पपई, आणि एकदा केकचा तुकडा. केकचं चित्र नुसतं चुऱ्याचं झालं. तेही अमूर्त म्हणे.

हॉलवाली बाई चित्रं न्यायला आली. एकेक चित्र जवळून बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "हे कोण आलं हो तुमच्या चित्रांत राहायला?"

सूनबाई म्हणाली, "आमच्याच घरातलं आहे."

मग बाईने त्या कोपऱ्यातल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मी माझा अंगठा शालीत लपवला. "आणि ही सही कोणाची?"

सूनबाई म्हणाली, "तीच प्रेरणा."

मी म्हटलं, सुटले. काय पण थाप मारली पोरीने! माझी सून शोभते.

चिठ्ठी मात्र तिने दारातल्या मोठ्या एकाच कागदावर लिहायची ठरवली. लिहिताना हात आडवा धरून. मला काय दिसणार आणि काय कळणार, तरी हात आडवा.

२८ तारीख, शुक्रवार

हॉल भरला होता. मी रंग लागलेली शालच घेतली, डाग बाहेरच्या बाजूला. म्हटलं, घरात चित्रकार आहे हे लोकांना कळू दे.

दारातच तो कागद लावला होता, मोठ्या अक्षरांत. लोक आत येत, कागद वाचत, इकडेतिकडे बघत, आणि मला पाहून हसत. एक जण नाही, सगळे. एका म्हाताऱ्याने तर मला हात जोडले. एका पोरीने पिशवीतून संत्रं काढून माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि मुद्दाम तिकडे पाठ करून उभी राहिली. हल्लीच्या मुलांना वस्तू कुठे ठेवावी कळत नाही. कोणी बघत नाही असं पाहून मी ते खाल्लं.

यांना विचारलं, त्या कागदावर काय लिहिलंय? यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचलं: "या सर्व चित्रांची प्रेरणा निसर्ग."

मी म्हटलं, एवढंच? कागदावर ओळी तर पाच-सहा दिसतात.

म्हणाले, निसर्ग मोठा आहे.

हॉलवाल्या बाईने पुढच्या वर्षासाठी भिंत पक्की केली. शाळेत परत जायचं नाही. सूनबाईने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. हाडं लागतात का गं, विचारलं. म्हणाली, "आता कमी लागतात, आई."

(सत्यासाठी नोंद, सदर इसमास वाचता येत नसल्याने निर्धास्तपणे करीत आहे. दारातल्या कागदावरचा मजकूर असा: "माझ्या घरात एक चोर आहे. वाढलेलं ती खात नाही, चोरलेलं खाते. म्हणून मी रोज टेबल मांडते आणि अंघोळीला जाते. परत आल्यावर जे उरतं, ते मी काढते. जे उरत नाही, तेही काढते. ती आज इथेच कुठेतरी खुर्चीत बसलेली असेल. कृपया तिला सांगू नये." — लेखनिक)

केवढं लिहिताय? म्हटलं. म्हणाले, आज विरामचिन्हं फार होती.

१ तारीख, सोमवार

वजन एक्केचाळीस. डॉक्टरने वहीची पानं पुन्हा उलटली, शेवटची पानं जरा जास्तच वेळ वाचली, आणि मला म्हणाला, "आजी, हवा अशीच चालू ठेवा."

पण मला काळजी दुसरीच आहे. प्रदर्शन झालं, आणि पोर बसली आहे नुसती चिठ्ठीएवढी होऊन. महिनाभर तिने धड जेवण केलेलं नाही. मी म्हटलं, जेव. म्हणाली, भूक नाही, आई. ताट वाढलं तर बघते असं, की जणू कोणी नोटीस बजावली आहे.

ही नजर माझ्या ओळखीची आहे.

म्हणून आज मी पहाटे उठले. खिडकीपाशी टेबल ओढलं. पांढरं कापड. पोच्यांची किटली डावीकडे, निळी बाटली उजवीकडे. मध्ये बशीत दोन अंडी, सोललेली, मीठ लावून. पावाचे लोणी लावलेले तुकडे. दूध, कोमट. शेजारी चमचा, चमकेसाठी. तिला हाक मारली आणि म्हटलं, "सूनबाई, मी पण स्थिरचित्र मांडलंय. दुपारी काढणार आहे. हात लावायचा नाही कोणी. मी अंघोळीला चालले."

आणि दाराआड उभी राहिले.

ती टेबलाजवळ आली. बराच वेळ बघत राहिली. चमचा उचलला, ठेवला. मग तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि अंडं उचलून अख्खं तोंडात घातलं. मग दुसरं. मग पाव. लोणी कोपराला लागलं.

मी मुद्दाम पाय वाजवत आत गेले. "अगं, इथली अंडी कुठे गेली?"

तोंड भरलेलंच होतं तिचं. "उंदीर असेल, आई."

पचली तिची चोरी. मला काही कळलं नाही असंच वाटतंय तिला. वाटू दे. उद्या पपई मांडायची आहे, मऊ बघून आणा. आणि ही वही कपाटावर ठेवा, वर, तिच्या हाताला लागणार नाही अशी. शब्द द्या.

यांनी शब्द दिला. माणूस शब्दाचा पक्का आहे. आता पुन्हा काय लिहिताय?

(स्वल्पविराम. — लेखनिक)